झोपलेला कॉम्प्युटर बंद नसतो



आज आम्ही ग्रामसंघाच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहोत. हातातलं काम चालू राहू द्या, पण जवळ कागद-पेन असेल तर बरं. दोन-चार गोष्टी लिहून घ्याव्या लागतील.

आधी आमच्याकडे काय झालं ते सांगतो. मार्च अखेरीचे दिवस होते. आमच्या लेखापाल ताई दुपारभर बसून अकरा गटांची कर्जफेड एक्सेलमध्ये भरत होत्या. लेकीला शाळेतून आणायला म्हणून त्या अर्धा तास बाहेर गेल्या. तेवढ्यात स्क्रीन काळा झाला. संध्याकाळी कार्यालय झाडायला आलेल्या एका ताईंना वाटलं, कॉम्प्युटर बंद आहे, मग उगाच वीज कशाला जाळायची? त्यांनी बोर्डावरचं बटण बंद केलं. हेतू चांगलाच होता. पण सकाळी फाईल उघडली तर अकरापैकी आठ गटांचे आकडे गायब!

खरं नुकसान पुढेच होतं. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसाला कॉम्प्युटर जमत नाही, एखादा पोरगा ठेवा." म्हणजे लेखापाल ताईंचं कामही जाणार आणि मानधनही. ताई राजीनामा लिहूनच आल्या होत्या. आम्ही म्हटलं, थांबा, आधी हे झालं कसं ते शोधू. दोन दिवस आम्ही त्या कॉम्प्युटरपुढे बसलो. जे कळलं तेच आज सांगतोय.

बचत गटाच्या बैठकीचंच उदाहरण घेऊ. कुणी शंभर दिले, कुणी दोनशे, हे आधी आपल्या डोक्यात असतं. मग आपण ते वहीत लिहितो. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. टाइप केलेलं काम आधी त्याच्या मेमरीत असतं, म्हणजे डोक्यात. सेव्ह केलं की ते डिस्कवर जातं, म्हणजे वहीत. वीज गेली की डोक्यातलं पुसलं जातं, वहीतलं राहतं.

काही वेळ कुणी हात लावला नाही की कॉम्प्युटर झोपतो. याला म्हणतात स्लीप. स्क्रीन काळा होतो, पंखा थांबतो, पण हिशेब डोक्यातच असतो आणि तो टिकवायला थोडी वीज चालू लागते. दुसरा प्रकार हायबरनेट. यात कॉम्प्युटर सगळं डिस्कवर उतरवतो आणि मग पूर्ण बंद होतो. वीज गेली तरी चालतं, चालू केला की काम होतं तिथेच उघडतं. फक्त उठायला थोडा जास्त वेळ लागतो. तिसरा प्रकार शटडाउन, म्हणजे बैठक संपली, वही मिटली.

आमच्या ताईंचा कॉम्प्युटर स्लीपमध्ये होता. बोर्डाचं बटण बंद झालं आणि डोक्यातलं गेलं. आणखी एक चूक आमच्या सगळ्यांची. सकाळी एक्सेल उघडल्यावर डावीकडे 'डॉक्युमेंट रिकव्हरी' असा रकाना आला होता. एक्सेल दर काही मिनिटांनी आपणहून एक प्रत ठेवतं, ती तिथे दिसते. आम्ही घाबरून तो रकाना बंद केला. तुम्ही करू नका. आधी त्यातली फाईल उघडून बघा.

आता सेटिंग. कागद घ्या.

स्टार्टवर जा, 'सेटिंग्ज' उघडा, मग 'सिस्टम', आणि त्यात 'पॉवर'. विंडोज १० असेल तर 'पॉवर अँड स्लीप' दिसेल. तिथे दोन वेळा ठरवायच्या असतात. किती मिनिटांनी स्क्रीन बंद व्हावा, आणि किती मिनिटांनी कॉम्प्युटर झोपावा.

टेबलावरचा कॉम्प्युटर असेल आणि गावात लाइट सारखी जात असेल, तर स्क्रीन १० मिनिटांनी आणि स्लीप ३० मिनिटांनी ठेवा. शिवाय एक गोष्ट जरूर बघा. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', त्यात 'चेंज प्लॅन सेटिंग्ज', त्यात 'चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज'. छोटी खिडकी उघडेल. तिथे 'स्लीप'खाली 'अलाऊ हायब्रिड स्लीप' असेल तर ते 'ऑन' करा. मग कॉम्प्युटर झोपताना डोक्यातलं डिस्कवरही लिहून ठेवतो. आमच्याकडे नेमकं हेच 'ऑफ' होतं. प्रत्येक मशीनवर हा पर्याय दिसत नाही. नसेल तर 'हायबरनेट आफ्टर' मध्ये ३० मिनिटं घाला.

लॅपटॉप असेल तर बॅटरीवर स्क्रीन ५ आणि स्लीप १५ मिनिटं पुरे. पिशवीत घालून तालुक्याला न्यायचा असेल तर नुसतं झाकण लावून निघू नका. झोपलेला लॅपटॉप बॅटरी खात राहतो, कधी पिशवीत तापतोही. 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'चूझ व्हॉट क्लोजिंग द लिड डझ' असं असतं, तिथे 'हायबरनेट' निवडा. नाहीतर सरळ शटडाउन करा.

मोठी फाईल उतरवून घेत असाल तर तेवढ्यापुरतं स्लीप 'नेव्हर' करा. काम झालं की आठवणीने परत बदला.

आता नेहमीच्या तीन तक्रारी.

पहिली, कॉम्प्युटर उठतच नाही. आधी स्क्रीनचं स्वतःचं बटण आणि वायर बघा. मग स्पेसचं बटण एकदा दाबा आणि मनात वीसपर्यंत मोजा. नाही उठला तर पॉवरचं बटण हलकेच दाबून लगेच सोडा. ते दाबून धरायचं नाही! धरून ठेवलं तर कॉम्प्युटर जबरदस्तीने बंद होतो आणि न सेव्ह केलेलं जातं. चार-पाच मिनिटं वाट बघून काहीच हललं नाही, तरच तो शेवटचा उपाय. असं वारंवार होत असेल तर दुरुस्तीवाल्याला 'डिस्प्ले ड्रायव्हर अपडेट करा' असं सांगा. पुष्कळदा दोष तिथे असतो.

दुसरी, रात्री आपोआप चालू होतो. भुताटकी नाही ती. माउस जरा हलला तरी कॉम्प्युटर जागा होतो. आमच्या कार्यालयात तर खराखुरा उंदीर टेबलावर फिरायचा! 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये माउसवर दोनदा क्लिक करा, 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये 'अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' समोरची खूण काढा. कीबोर्डची खूण राहू द्या, म्हणजे उठवता येईल. तरीही उठत असेल तर मघाच्या छोट्या खिडकीत स्लीपखाली 'अलाऊ वेक टायमर्स' असतं, ते 'डिसेबल' करा.

तिसरी, झोपतच नाही. एखादा व्हिडिओ चालू असेल किंवा प्रिंटरमध्ये कागद अडकून प्रिंट खोळंबली असेल. ते आधी मिटवा.

बिलाचं विचाराल तर हिशेब सोपा आहे. कॉम्प्युटर आणि स्क्रीन मिळून शंभर वॅट धरले, तर दहा तासांत एक युनिट होतं. झोपेत तीन वॅट धरले, तर रात्रंदिवस महिनाभर मिळून दोन युनिटांच्या आसपास. म्हणून दुपारी तासभर उठून जाताना स्लीप चालेल. संध्याकाळी घरी जाताना मात्र शटडाउन, आणि मग बोर्डाचं बटण. आधी बटण नाही.

आणि या सगळ्याच्या वर एक सवय. उठण्याआधी कंट्रोल दाबून धरायचं आणि एस दाबायचं. पाणी प्यायला उठलात तरी. सेव्ह केलेलं काम बोर्डाचं बटण बंद झालं तरी डिस्कवर राहतं.

आमच्या ताईंनी ते आठ गट पुन्हा भरले, दोन रात्री बसून. राजीनामा त्यांनी परत घेतला. पुढच्या महिन्यात ग्रामसंघाने यूपीएस घेतला. लाइट गेली की सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती सवड त्याने मिळते. बोर्डावर ताईंच्या अक्षरात चिठ्ठी आहे, 'स्क्रीन काळा म्हणजे बंद नव्हे. ताईंना विचारा.' आणि ज्यांनी तेव्हा बटण बंद केलं होतं, त्याच आता झाडायला आल्या की आधी स्पेस दाबून बघतात.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. कॉम्प्युटर सगळ्यांनी मिळून मुद्दाम झोपवा आणि मुद्दाम उठवा. फक्त लेखापाल ताईंनी नाही, झाडणाऱ्या ताईंनी आणि अध्यक्षांनीही. काम बुडतं ते न सांगितल्यामुळे, बाईला येत नाही म्हणून नाही.

येतो आम्ही. नमस्कार.