गाडीचा कॉम्प्युटर बदलण्याआधी
(शेतकरी बंधूंसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषण)



केळीचा घड कापला की तो कुणासाठी थांबत नाही. रावेर-यावलकडे तोडणी झाली आहे, माल बांधावर आला आहे, आणि नेमकी त्याच वेळी पिकअप गाडी चालू होत नाही, असा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर आला असेल. सेल्फ फिरतो, पण इंजिन काही चालू होत नाही. मिस्त्री येतो, बॉनेट उघडतो आणि म्हणतो, "भाऊ, कॉम्प्युटर गेला. नवा टाकावा लागेल." माल उन्हात, व्यापारी फोनवर. अशा घाईत माणूस हो म्हणतो आणि हजारो रुपये खर्चून बसतो. होकार देण्याआधी अर्धा तास काय काय पाहून घ्यावे, ते आज सांगणार आहे.

हा कॉम्प्युटर करतो काय?

जुन्या जीपगाडीला डिझेलचा पंप आणि नोझल असे. डिझेल केव्हा आणि किती सोडायचे, हे पंपच ठरवी. कॉमन रेलच्या गाडीत हे काम एका बंद डब्यातला कॉम्प्युटर करतो. इंजिन किती वेगाने फिरते, किती तापले, पायाने रेस किती दिली, हे निरनिराळे सेन्सर त्याला कळवतात, आणि त्यावरून तो प्रत्येक इंजेक्टर उघडतो, बंद करतो. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराचे नियम लागू झाले. तेव्हापासून अशा गाड्या खेडोपाडी पोचल्या. आज त्यांतल्या पुष्कळ जुन्या झाल्या आहेत. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागू झाल्याने त्यांतही हा डबा आला आहे. म्हणून ट्रॅक्टरवाल्यांनीही हे ऐकून ठेवावे.

आधी हे तपासा

हा डबा सहसा लवकर बिघडत नाही. बिघडते ते त्याच्या भोवतीचे. म्हणून स्वस्तापासून महागाकडे जावे.

पहिली बॅटरी. गाडी बंद असता मीटरवर साधारण साडेबारा व्होल्ट दिसावेत. सेल्फ मारताना ते दहाच्या फार खाली जाऊ नयेत. बॅटरी अशक्त असली, तर सेल्फ फिरतो, पण कॉम्प्युटर जागा होत नाही. इंजिन चालू असता चौदाच्या आसपास व्होल्ट हवेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल, तर ती काढून पकड घट्ट करावी.

दुसरी अर्थची वायर. बॅटरीकडून इंजिनला व बॉडीला जाणारी जाड वायर गंजते, नाहीतर आतून तुटते. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला व दुसरी इंजिनच्या अंगाला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले, तर अर्थ खराब आहे असे समजावे.

तिसरे फ्यूज आणि रिले. चावी ऑन केली की इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला पाहिजे. तो मुळीच लागला नाही, तर कॉम्प्युटरला करंट पोचत नसावा अशी शंका घ्यावी. यात बरेचदा दोष फ्यूजचा किंवा रिलेचा निघतो.

चौथे वायरिंग. गाडी कडब्याच्या गंजीजवळ किंवा कपाशीच्या ढिगाजवळ उभी राहिली की उंदीर बॉनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. कपलरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. कपलर काढून पाहावे, मात्र त्याआधी चावी बंद करून बॅटरीचे टर्मिनल काढावे.

पाचवे सेन्सर. अनेक सेन्सरांना कॉम्प्युटर एकाच पाच व्होल्टच्या लाइनीवर करंट देतो. त्यातला एक शॉर्ट झाला की बाकीचेही खोटे बोलू लागतात, आणि कॉम्प्युटरच वेडा झाला असे वाटते. अशा वेळी सेन्सरचे कपलर एकेक करून काढावे. ज्याचे कपलर काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत असतो.

हे झाल्यावर स्कॅनर लावावा. स्कॅनरवरचा कोड दुखते कुठे एवढेच सांगतो. अमुक सेन्सरचा कोड आला म्हणजे तो सेन्सर किंवा कॉम्प्युटर गेलाच, असे नाही. त्याची वायरही तुटलेली असू शकते.

नवा डबाही का जळतो?

शिंदखेड्याकडच्या एका बंधूंचे उदाहरण माझ्या पाहण्यातले आहे. त्यांच्या गाडीचा कॉम्प्युटर खरोखरच जळाला होता. घाईने दुसरा बसवला. गाडी चालू झाली, पण दुसऱ्या दिवशी वाटेतच बंद पडली. तोही जळाला. शेवटी एका जाणत्या वायरमनने पाहिले, तर इंजेक्टरकडे जाणारी एक वायर लोखंडी पट्टीला घासून उघडी पडली होती आणि खड्ड्यात गाडी उसळली की पट्टीला टेकत होती. पट्टीवर रबर आणि वायरीवर टेप, एवढेच काम होते. तेवढ्यासाठी दोन डबे गेले. म्हणून कॉम्प्युटर जळाला असेल, तर तो कशाने जळाला हे कळल्याशिवाय दुसरा लावू नये.

बदलायचाच झाला तर

करंट व अर्थ बरोबर आहेत, वायरिंग ठीक आहे, तरी स्कॅनरशी बोलणे होत नाही, किंवा डबा उघडल्यावर आत पाणी व जळाल्याच्या खुणा दिसतात, अशा वेळी डबा गेला असे समजावे. तरी आधी दुरुस्ती होते का ते विचारावे. आतला एखादा जळालेला भाग बदलून पुष्कळ डबे चालू होतात.

जुना डबा विकत घेतला, तर त्यावरचा पार्ट नंबर आपल्या डब्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. दिसायला सारखा असून चालत नाही. चावीत चिप असलेल्या गाडीत चावीची ओळख नव्या डब्याला करून द्यावी लागते, नाहीतर इंजिन चालू होत नाही. कॉमन रेलच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड लिहिलेला असतो. तोही त्यात भरावा लागतो. तो भरला नाही, तर गाडी धूर काढते, ठोके देते आणि डिझेल जास्त पिते. हे काम स्कॅनर असलेल्या जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. पक्की पावती घ्यावी, तीवर पार्ट नंबर व गॅरंटी लिहून घ्यावी, आणि आपला जुना डबा परत मागावा. फसवणूक झाली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तेव्हा ही पावतीच कामी येते.

डबा जपावा कसा?

१. कॅरेटसाठी अँगल किंवा ट्रॉलीसाठी हूक वेल्डिंग करताना बॅटरीचे दोन्ही टर्मिनल व कॉम्प्युटरचे कपलर काढून ठेवावे. वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावावा.

२. इंजिन चालू असताना बॅटरी काढू नये. जुन्या डिझेल गाडीत हे चालून जाई. या गाडीत व्होल्टेज एकदम उसळते आणि डबा जळतो.

३. ट्रकच्या चोवीस व्होल्टवर बारा व्होल्टची गाडी चालू करू नये.

४. इंजिन धुताना पाण्याचा जोराचा फवारा डब्यावर व कपलरवर मारू नये.

५. हवा काढण्यासाठी इंजेक्टरचे नट सैल करून सेल्फ मारण्याची जुनी सवय सोडावी. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. ती धार कातडी भेदून आत शिरते. तसे झाले, तर जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.

बंधूंनो, पिकावर रोग दिसला की आपण पान उलटून पाहतो, मूळ उकरून पाहतो, मगच औषध आणतो. गाडीचेही तसेच करावे. एक साधा मीटर घरात असू द्यावा आणि घरातल्या शिकत्या मुलामुलींना तो लावायला शिकवावे. आणि तोडणीच्या आदल्या संध्याकाळी गाडी एकदा चालू करून पाहावी, म्हणजे दोष असला तरी हातात एक रात्र राहते.