आपलं काम कोणतं?



साहेब विचारतात, "धंदा काय?" आपण म्हणतो, "मजुरी." तेवढंच कागदावर चढतं. पण आपलं काम तेवढंच आहे काय?

मोहाच्या दिवसांत आपण पहाटे अंधारातच टोपली घेऊन निघतो. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतो, घरी बसून 70 पानांचं एकेक पुडकं बांधतो, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देतो. पावसात धान रोवतो. शिवाय सरपण, बांबू, कंद, डिंक. जंगल हीच आपली कामाची जागा. तिथं मस्टर नाही, म्हणून काम कुणाला दिसत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज गोळा करायचा अन् विकायचा हक्क आहे. सामूहिक दाव्याला पुरावे लागतात. जुन्या माणसांनी सांगितलेलं लिहून घेतलं, तर तोही एक पुरावा धरतात. म्हणून कोण कुठं मोह वेचतं, ढोरं कुठं चरतात, कंद कुठं खणतात, हे ग्रामसभेत सांगायचं, लिहायचं, अंगठा लावायचा. जंगलात बाया जास्त फिरतात. त्यांनी आधी बोलावं.

पुढं कुणी धंदा विचारला, तर नुसतं "मजुरी" म्हणू नका. सगळं सांगा. जिंदाबाद!