श्रावणातील पातोळ्यांचे फेस्त आणि म्हार्दोळचे दर्शन



गोव्यात श्रावण लागला म्हणजे सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडणारी माणसे समुद्रकिनाऱ्याकडे पाठ फिरवून आतल्या गावांची वाट धरतात. १५ ऑगस्ट हा साऱ्या देशाचा स्वातंत्र्यदिन. गोव्यातील ख्रिस्ती समाजात तोच मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण असून त्या दिवशी घरोघरी पातोळ्या केल्या जातात. बार्देशात पर्वरीजवळच्या सुकूर गावी या सुमारास खास पातोळ्यांचे फेस्त भरत आले आहे. श्रावणातला असा एखादा शनिवार सुकूरला आणि रविवार फोंड्याकडील देवळांत घालविणाऱ्या कुटुंबास एकच पदार्थ दोन अंगणांत भेटतो.

पदार्थ तसा साधा. तांदूळ भिजवून जाडसर वाटावेत, ते वाटण हळदीच्या हिरव्या पानावर पातळ पसरावे, वर खोवलेला नारळ व माडाचा गूळ यांचे वेलदोडा घातलेले सारण घालून पान उभे मिटावे आणि वाफेवर शिजवावे. पान खावयाचे नसते. त्याचा वास तेवढा आत उतरतो. दक्षिण कोकणात यालाच पातोळे म्हणतात. नागपंचमीला काही चिरू नये, तळू नये, तवा चढवू नये, हा दंडक पाळणाऱ्या घरांत वाफेवरच्या या पक्वान्नाची योजना किती सोयीची आहे, हे गृहिणींना सांगावयास नको. श्रावणातल्या आदित्यवारी सुवासिनी पत्री व फुले वाहून सूर्याची पूजा करतात, तेव्हाही नैवेद्यात पातोळ्या असतात.

रविवारी पणजीहून फोंड्याकडे निघाले की मंगेशीच्या पुढे लगेच म्हार्दोळ लागते. तेथील श्रीमहालसा नारायणी ही मूळची सासष्टीतील वेर्ण्याची. १६ व्या शतकात पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतील देवळे पाडावयास घेतली, त्या वेळी भक्तांनी देवीला झुआरी नदीपलीकडे आणले. फोंडा महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होता. मंगेशीचा देवही असाच कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून आलेला. काही माणसे देवाबरोबर नदी ओलांडून गेली, काही मागे राहून ख्रिस्ती झाली. हळदीचे पान मात्र दोन्हीकडच्या परसांत राहिले. शाळांतून गोव्याचा इतिहास शिकविताना तहांच्या व लढायांच्या सनावळीबरोबर ही गोष्टही मुलांना सांगितली जावी.

म्हार्दोळला देवळासमोरचा उंच पितळी दीपस्तंभ पाहून परतणारा यात्रेकरू बाहेर जायांची माळ घेतोच. तेथल्या जाया गोवाभर प्रसिद्ध आहेत आणि पावसाळ्यात देवीची जायांची पूजाही बांधली जाते. जत्रेच्या दिवसांत मिळणारे खाजे (बेसन, गूळ, आले व तीळ यांचे) श्रावणात शोधू नये; त्याचा हंगाम वेगळा. या खाज्यास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची बाब आहे.

पातोळीची अडचण निराळी आहे. तांदूळ व नारळ बाजारात मिळतात. माडाचा गूळ मात्र दुर्मिळ होत चालला आहे, कारण तो रेंदेराच्या हातून येतो. सूर काढणाऱ्या रेंदेरास एकेका माडावर दिवसातून तीन वेळा चढावे लागते. सकाळ-संध्याकाळ सूर उतरविण्यासाठी आणि दुपारी पोयीला काप देण्यासाठी. पावसात शेवाळलेल्या खोडावर हे काम करावयास त्याचीच मुले तयार नसतात, आणि त्यांना दोष तरी कोणी द्यावा? मग फेस्तातल्या अनेक पातोळ्यांत उसाचा गूळ पडतो. चव गोडच लागते; पण माडाच्या गुळाचा काळसर रंग व किंचित धुरकट, खारट झाक तीत नसते. ज्यांनी पूर्वीची खाल्ली आहे, त्यांना पहिल्याच घासाला हे कळते.

फेस्ताचे आयोजन करणारी मंडळे मंडप, दिवे व ध्वनिक्षेपक यांची तरतूद काही महिने आधी करतात. तशीच गुळाची मागणी त्यांनी आपल्या वा शेजारच्या गावातील रेंदेरास उन्हाळ्यातच नोंदवावी व भाव आधी ठरवावा. ग्रामपंचायतींनी यात मध्यस्थी करण्यास हरकत नसावी. हळदीच्या पानाचे काम त्याहून सोपे आहे. मृगाचा पाऊस पडताच शाळेच्या आवारात निचऱ्याच्या वाफ्यात कंद लावले, तर श्रावणापर्यंत पाने पातोळीस पुरेशी रुंद होतात. झाडामागे दोन-तीनच पाने काढावीत, म्हणजे कंद पोसण्यास अडचण येत नाही. आणि माघ-फाल्गुनात हळद निघाली की पुढील वर्षाचे बियाणे त्यातूनच राखता येते.