विमान गेले, जिजाई राहिली



आज एका जुन्या बोलपटाविषयी बोलायचे योजले आहे. खरे म्हणाल तर बोलपटाविषयी थोडे आणि तो पाहणाऱ्या माणसांविषयी जास्त. बोलपट आहे प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’. तुमच्यापैकी कित्येकांनी तो चावडीपुढे पडदा बांधून पाहिला असेल, काहींनी दूरदर्शनवर. हल्ली तर तो खिशातल्या फोनवरही दिसतो. मी तो अलीकडे पाहिला कोथरुडात, आमच्या वस्तीच्या सभागृहात, भिंतीवर चादर ताणून.

कोथरूड म्हणजे एके काळचे पुण्याबाहेरचे खेडेच. गावठाण, टेकडी, म्हातोबाचे देऊळ. कर्वे रस्त्याला मृत्युंजयेश्वराचे जुने मंदिर आहे. मरणाला जिंकणारा तो मृत्युंजय. आता त्या रस्त्याने डोक्यावरून मेट्रो धावते आणि शेते होती तिथे इमारती उभ्या आहेत. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची कोठारे या कोथरुडात आहेत. जुन्या चित्रपटांची रिळे तिथे थंडगार खोल्यांत, आपण बियाणे जपतो तशी जपून ठेवतात. जपावीच लागतात. जुन्या काळची नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत अशी पुष्कळ रिळे जळून गेली. आणि ज्या स्टुडिओत ‘संत तुकाराम’ घडला तो प्रभातचा स्टुडिओ इथून हाकेच्या अंतरावर, एरंडवण्यात. १९६० पासून तिथे चित्रपट शिकवणारी सरकारी संस्था आहे. म्हणजे तुकोबांचे हे विमान उडाले ते आमच्या शेजारूनच म्हणायचे!

तर झाले असे. दोन वर्षांपूर्वी तुकारामबीज आली. त्या दिवशी, फाल्गुन वद्य द्वितीयेला, देहूला केवढी गर्दी होते ते तुम्ही जाणताच. भर दुपारी बारा वाजता हजारो डोळे त्या नांदुरकीच्या झाडाकडे लागलेले असतात. झाड हलले असे कोणी म्हणतो, कोणी म्हणतो वारा सुटला. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना देहूपर्यंत जाणे झेपेना, म्हणून मी म्हटले, संध्याकाळी बोलपट तरी दाखवू. प्रक्षेपणाचे यंत्र एका विद्यार्थ्याकडून मागून आणले. साठेक माणसे जमली. मागे चहाचे पातेले.

बोलपट जुना, आवाज खरखरीत. पण पहिल्या पंधरा मिनिटांत सभागृह गप्प झाले. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा गाऊ लागले की माणसाला उठवत नाही. हे पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. अशा नटाला तुकाराम कसा जमणार, अशी शंका तेव्हा घेतली गेली होती. दामले आणि फत्तेलाल या दोघा दिग्दर्शकांनी मात्र त्यांनाच धरून ठेवले. पुढे लोक पागनिसांनाच तुकोबा समजून त्यांच्या पाया पडू लागले. १२ डिसेंबर १९३६ ला मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा बोलपट लागला आणि एकाच ठिकाणी सत्तावन्न आठवडे चालला. खेड्यांतून माणसे गाड्या जुंपून येत, पडद्यापुढे हात जोडत. त्यातला एक अभंग शांताराम आठवले यांनी नव्याने रचलेला. पुष्कळांनी तो तुकोबांचाच मानला.

शेवट आला. विमान आले.

आता या विमानाविषयी सांगायला हवे. ते गरुडाच्या आकाराचे आहे. पंख हलतात, आत तुकोबा, ढगांतून ते वर जाते. त्या काळी हे सारे कॅमेऱ्याच्या करामतीने आणि हाताच्या कारागिरीने करावे लागे. आजच्या डोळ्यांना ते चटकन कळते. पुढे बसलेली पोरे फिदीफिदी हसली. “पंख बघ, पंख बघ!” आमच्या वस्तीतला एक तरुण इंजिनिअर मला म्हणाला, “काका, आता हे काम एका दुपारी संगणकावर होईल.” त्याच्या पलीकडे एक आजोबा बसले होते, त्यांनी पायांतल्या चपला काढून बाजूला सरकवल्या होत्या आणि डोळे मिटून हात जोडले होते. आणखी एक गृहस्थ, चांगले वाचलेले, ते हळूच पुटपुटले, की तुकोबांच्या अखेरीविषयी अभ्यासकांत केवढे वाद आहेत, आणि इथे सरळ विमान! एकाच पडद्यापुढे ही चार प्रकारची माणसे.

दिवे लागले. चहा सुरू झाला. बोलणे सारे विमानावरच. खरे की खोटे, चांगले की वाईट, आजच्या तोडीचे की नाही.

दाराजवळ, खुर्च्या रिकाम्या असताना जमिनीवर, एक बाई बसल्या होत्या. मूळच्या मुळशीकडच्या, आमच्याकडे दोन-तीन घरी स्वयंपाकाला येतात. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, दोन मुले आहेत. त्या उठल्या, पदर सारखा केला, आणि कोणाला उद्देशून न बोलता म्हणाल्या, “इमानाचं ऱ्हाऊ द्या. तिच्या घरी दुसऱ्या दिशी पीठ हुतं का?”

श्रोतेहो, सभागृहात पुन्हा शांतता झाली. बोलपट चालू असताना झाली होती तशी.

कारण आम्ही सगळे वर बघत होतो आणि त्या खाली बघत होत्या. तुम्ही हा बोलपट पाहिला असेल तर आठवून पाहा. तुकोबा जिजाईला, आपल्या आवलीला, वैकुंठाला चल म्हणतात. ती कशी निघेल? पोरे आहेत, चूल आहे, घर आहे. विमान जाते आणि ती राहते. ही जिजाई केली आहे गौरी या बाईंनी. त्या कंपनीत किरकोळ कामे करीत करीत पडद्यावर आल्या होत्या. नटीचा नखरा त्यांच्यात नावालाही नाही. मुलगा तापाने फणफणलेला असताना ही जिजाई हातात पायताण घेऊन विठोबाच्या देवळात जाते, देवालाच जाब विचारायला. बोलपटातला सालोमालो ढोंगी आहे, तुकोबा संत आहेत, पण जिजाई आपल्या घरातली आहे. तिला पीठ लागते. ती देवावर रागावते आणि तरी नवऱ्याला जेवायला वाढते.

दामले-फत्तेलालांनी विमान कसे उडवले याची चर्चा खूप झाली. मला वाटते, त्यांची खरी करामत ही, की विमान जाण्याआधी त्यांनी दोन तास आपल्याला जिजाईच्या चुलीजवळ बसवले. म्हणून ते पंख थोडे डगमगले तरी चालते. १९३७ साली हा बोलपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरव झाला. तिथल्या लोकांना ना देहू माहीत ना वैकुंठ. पण त्यांच्या देवळांच्या भिंतींवर पंखांचे देवदूत शतकानुशतके रंगवलेले आहेत, त्यांना गरुड अगदीच परका वाटला नसावा. आणि नवरा देवाच्या नादी लागलेला, बायको पोरांच्या पोटाची काळजी करणारी, हे तर कुठल्याही देशात कळते.

आपल्याकडे मरणाचे निरोपे दोन प्रकारचे. यमदूत आणि विष्णुदूत. अजामिळाच्या कथेत हे दोघे एकाच माणसावरून भांडतात, ती कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. माझ्या लहानपणी आमच्या गावात जत्रेला सावित्रीचे नाटक होई. यम यायचा तो गावचा सुतार, डोक्याला सोनेरी कागदाचा मुकुट, अंगाला काजळ, मिशा मात्र त्याच्या स्वतःच्या. रेडा लाकडी. आम्ही पोरे त्याला ओळखत होतो. सकाळी त्यानेच आमचा पाट रंधून दिलेला असायचा. तरी तो आला की आम्ही आईच्या पाठीमागे लपत असू. आणि बायका? त्या यमाकडे बघतच नसत. सावित्री त्याच्या मागे किती पावले चालते ते बघत. मला हे तेव्हा कळले नव्हते. त्या बाईंच्या पिठाच्या प्रश्नानंतर कळले.

आता शिक्षक मंडळींना एक गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मला बरे वाटत नाही.

मी प्राथमिक शाळेत नोकरी केली. पहिली काही वर्षे मावळात होतो, देहूपासून फार लांब नाही. एकदा चौथीच्या वर्गात मी तुकोबांचे चरित्र सांगत होतो. वह्या इंद्रायणीत बुडवल्या, तेरा दिवसांनी त्या तरंगून वर आल्या, मग विमान आले. माझा आवाज चांगला लागला होता, पोरे अगदी डोळे विस्फारून ऐकत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. महिन्याभरापूर्वी त्याचा बाप विहीर खणताना दरड कोसळून गेला होता. तो म्हणाला, “गुरुजी, माझ्या बाला कसं न्हाई आलं इमान?”

मी काय म्हणालो ठाऊक आहे? मी म्हणालो, “अरे, तुकोबा संत होते. बस खाली.”

तो बसला. पुढे वर्षभर त्याने मला कसलाच प्रश्न विचारला नाही. मी त्या पोराला काय सांगितले ते पाहा: तुझा बाप त्या लायकीचा नव्हता. माझ्या तोंडून असे काही गेले, हे मला तेव्हा उमगलेही नाही. उलट धडा छान झाला म्हणून मी खुशीत घरी गेलो.

आज तो मुलगा पुढे उभा राहिला तर मी त्याला तुकोबांचीच दुसरी गोष्ट सांगेन. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. त्यांना कोणतेच विमान आले नाही. तुकोबांसारख्या माणसाच्या घरातली ही माणसे, त्यांनाही नाही. तुकोबा त्या वेळी तुझ्यासारखेच खाली उभे होते, बाळ. आणि पुढे १६५० साली ते स्वतः गेले तेव्हा जिजाई खाली राहिली. परंपरा सांगते, की ती त्या वेळी गरोदर होती. मग जो मुलगा झाला तो नारायण. बापाचे तोंड त्याने पाहिले नाही. पण बापाच्या पादुका पालखीत घालून पंढरपूरला न्यायची रीत त्याने सुरू केली, १६८५ मध्ये. आज आषाढीला देहूहून लाखो माणसे ज्या पालखीबरोबर चालतात ती त्या खाली राहिलेल्या बाईच्या मुलाची पालखी आहे.

विमान आले की नाही आले, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. त्यावरून शाळेत वाद घालावा असे मला वाटत नाही. चपला काढून बसलेल्या आजोबांची मी थट्टा करणार नाही आणि त्या वाचलेल्या गृहस्थांनाही गप्प बसवणार नाही. पण वर्गात हा बोलपट दाखवाल, आणि जरूर दाखवा, तेव्हा पोरांना एवढेच विचारा: विमान गेल्यावर घरी कोण कोण होते? मग थांबा. घाई करू नका. एखादे पोर गप्प बसेल, त्याला गप्प बसू द्या. एखादे बोलू लागेल, आणि तुम्हाला त्याच्या घरातले असे काही कळेल जे हजेरीच्या वहीत कधी लिहिलेले नसते.

यंत्र चांगले पाहिजे, पडदा मोठा पाहिजे, असे काही नाही. चादर पुरते. आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत जाऊ द्या, नाहीतर मागची पोरे दंगा करतात. हा माझा अनुभव.

यंदा बीजेला आम्ही तो पुन्हा लावला. लोकांनीच मागणी केली. त्या स्वयंपाकाच्या बाई आपल्या दोन्ही मुलांना घेऊन आल्या होत्या. मी खुर्च्या पुढे केल्या. मुले बसली, बाई नाही बसल्या, पण या वेळी दाराजवळही नव्हत्या, भिंतीला टेकून मधोमध होत्या. शेवटी गरुडाचे पंख हलू लागले तशी धाकटी मुलगी मागे वळून मोठ्याने म्हणाली, “आई, ते पंख कशाचे गं?”

“आसतील पत्र्याचे,” बाई म्हणाल्या. “तू जिजाईकडं बघ.”