स्वीडचा कंद आणि आपली भाकरी

(जिल्हा मेळाव्यातील महिला सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



काल संध्याकाळी या मांडवामागे एक वाद झाला. आजच्या जेवणात पोळी करायची की भाकरी? कोणी म्हणालं, बाहेरगावचे पाहुणे यायचेत, त्यांच्या पानात ज्वारीची भाकरी बरी दिसत नाही. मी तेव्हा गप्प राहिले. आज बोलते. पण बोलणार आहे ते दूरच्या मुलखातल्या एका कंदाबद्दल. वाद मिटवूनच खाली बसेन, काळजी करू नका.

त्या कंदाचं नाव स्वीड. आपल्या बाजारात तो दिसत नाही. नवलकोलापेक्षा मोठा, लहान नारळाएवढा. वरून जांभळट, आतून फिकट पिवळा. मोहरी, कोबी, मुळा यांच्याच कुळातला. कोबी आणि शलगम यांच्या संकरातून तो झाला. कोबीच्या गुणसूत्रांच्या जोड्या ९, शलगमाच्या १० आणि स्वीडच्या १९. आई-बाप दोघांचंही सगळंच्या सगळं त्याच्यात उतरलं. म्हणून हा संकर पुढच्या पिढीत फाटत नाही, घरचं बी धरता येतं. फक्त बी यायला दुसरं वर्ष उजाडावं लागतं. बियाण्याची पिशवी दरसाल विकत घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

१६२० साली कास्पर बाउहिन या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने या कंदाची नोंद केली. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीला तो स्वीडनकडून ब्रिटनमध्ये गेला, म्हणून इंग्रजांनी त्याला स्वीड म्हटलं. स्कॉटलंडची माणसं त्याला 'नीप' म्हणतात. थंडीतलं पीक. हिव पडलं की तो आणखी गोड होतो. तिथल्या शेतकऱ्याने तो मुख्यतः हिवाळ्यात मेंढरांना आणि गुरांना घालायला पेरला. तेव्हापासून त्याच्यावर शिक्का बसला: हे जनावराचं खाणं.

पण चुलीपुढची बाई शिक्का बघत नाही, जिन्नस बघते. जाड साल सुरीने काढायची. सुरी दणकट पाहिजे, कारण कंद टणक. फोडी करून मिठाच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवायच्या. पाणी पुरतं निथळायचं आणि भांडं पुन्हा जरा आचेवर धरून ओल जाऊ द्यायची. इथे घाई केली तर लगदा पाणचट होतो आणि सगळी चव जाते. मग फोडी घोटायच्या, त्यात सढळ हाताने लोणी घालायचं, वर ताजी कुटलेली मिरी. थोडा गोड, थोडा मोहरीसारखा झणका. झालं.

एवढ्याशा कृतीवर सण उभे आहेत. स्कॉटलंडमध्ये दर २५ जानेवारीला रॉबर्ट बर्न्स या कवीच्या जयंतीची पंगत बसते. मेंढीच्या काळीज-फुप्फुसात ओट घालून केलेला हॅगिस हा पदार्थ, बाजूला घोटलेला बटाटा आणि घोटलेला स्वीड. याशिवाय ती पंगत पुरी होत नाही. फिनलंडमध्ये स्वीड घोटून त्यात साय, अंडं, पाक आणि जायफळ घालतात, भट्टीत सावकाश भाजतात. नाताळच्या ताटात त्याला मानाची जागा. इंग्लंडच्या कॉर्नवॉलची पेस्टी म्हणजे कणकेच्या पारीत मांस, बटाटा, कांदा आणि स्वीड भरून भाजलेली मोठी करंजीच. २०११ साली युरोपीय संघाने तिला भौगोलिक मानांकन दिलं. आता त्या नावाने विकायची तर आत स्वीड असलाच पाहिजे. गुरांच्या चाऱ्याला कायद्याने मान मिळाला!

आता दुसरी बाजू ऐका. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने जर्मनीची कोंडी केली होती. १९१६ साली ओल्या हवेने बटाट्यावर रोग पडला, पीक निम्म्यावर आलं. त्या हिवाळ्यात शहरांतल्या माणसांना शिध्यावर बटाट्याऐवजी स्वीड मिळाला. पावात स्वीड, मुरंब्यात स्वीड, कॉफीच्या जागीही स्वीड. १९१६-१७ च्या त्या हिवाळ्याला जर्मनीत आजही 'स्वीडचा हिवाळा' म्हणतात. पुढे १९४० ते १९४४ फ्रान्स जर्मन फौजांच्या ताब्यात होता. बटाटा फौजांसाठी उचलला जाई, लोकांच्या वाट्याला स्वीड येई. लढाई संपली, पण कित्येकांनी जन्मात पुन्हा त्याला तोंड लावलं नाही.

कंद तोच. मग एकीकडे सण आणि दुसरीकडे शिसारी का? माझं उत्तर साधं आहे. त्या हिवाळ्यात लोणी नव्हतं, दुसरी भाजी नव्हती, आणि 'नको' म्हणायची सोय नव्हती. स्वीड नासका नव्हता. माणसाच्या पुढ्यात तो लाचारी म्हणून आला.

हे समजायला आपल्याला जर्मनीला जायची गरज नाही. १९७२ चा दुष्काळ आठवा. अमेरिकेतून लाल मिलो आली. मिलो म्हणजे तरी काय? ज्वारीच. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात. तिने जीव जगवले, ते नाकारू नये. तरी ज्यांनी ती खाल्ली ते म्हातारे नाव काढताच तोंड वाकडं करतात. आणि त्याच ज्वारीचं कोवळं कणीस आगटीत भाजून, हातावर चोळून, तिळाच्या चटणीबरोबर हुरडा म्हणून पुढे आलं की पाहुणे गाड्या करून येतात! पीक एकच. एक शिधा म्हणून आलं, दुसरं आपल्या शिवारात आपल्या मर्जीने पिकलं आणि आपल्या हाताने भाजलं.

तेव्हा बायांनो, पोरगा डब्यात भाकरी न्यायला लाजतो तेव्हा दोष ज्वारीचा नसतो. आपणच त्याला शिकवलेलं असतं की भाकरी गरिबाची आणि पोळी प्रतिष्ठेची. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं, शहरातली हॉटेलं भाकरीचे दाम घेतात, आणि जो ती पिकवतो तोच पाहुण्यापुढे ती झाकून ठेवतो. आपणच आपल्या मालाला हलका म्हटलं, तर बाजारात त्याचा भाव कोणत्या तोंडाने मागणार?

स्कॉटलंडच्या बाईने स्वीड लपवला नाही. तिने त्यात लोणी घातलं आणि पंगतीच्या मधोमध ठेवला. आपणही भाकरी करायची ती निगुतीने करू. पीठ ताजं, पाणी कढत, पापुद्रा सुटलेला, सोबत पिठलं, ठेचा आणि लोण्याचा गोळा.

वाद मिटला. तवे चढलेत, आज पंगतीला भाकरीच आहे. पाहुण्यांनी पोटभर जेवावं आणि मगच बोलावं.