ढोल आपल्या मापाचा

(कागल पंचतारांकित एमआयडीसीतील कामगार स्त्रियांपुढे केलेले भाषण)



पथक काढायचं ठरलं, तेव्हा तुम्हांला पहिलं वाक्य ऐकू आलं, "बायकांना ढोल झेपणार नाही." मग पाण्याच्या घागरी, वैरणीचे भारे आणि कारखान्यातले मालाचे क्रेट कोण उचलतं? प्रश्न ताकदीचा नाही. ढोल पुरुषाच्या अंगमापानं बनत आला, हा आहे.

1948 च्या फॅक्टरी ॲक्टचं 34वं कलम सांगत होतं, की इजा होईल इतकं ओझं कामगाराला उचलायला लावू नये. त्याला कुणी दुबळेपणा म्हटलं नाही. मग हलका ढोल मागताना आपण का लाजावं?

आता खरेदी. जाडी तीच असेल तर ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश भरतं. पण ते मऊ, पोचे लवकर पडतात. म्हणून पिंप ॲल्युमिनियमचं आणि पान ताणून धरणाऱ्या रिंगा पोलादी घ्या. खरा ताण तिथंच येतो. रिव्हेट हलतो का, कडेला धार लागते का, हात फिरवून बघा. गणपती पावसात येतात. कातडी पान ओलाव्यानं सैल पडतं, प्लास्टिकचं पडत नाही. सुती दोर पाणी पितो, नायलॉनचा फारसा नाही.

ढोल नुसता कमरेला बांधू नका. सगळा भार तिथल्या मणक्यांवर येतो. रुंद पट्टा दोन्ही खांद्यांवरून घ्या. पैसे देण्याआधी प्रत्येकीनं ढोल बांधून अर्धा तास चालत वाजवून बघावा. ठेंगणीनं, आणि बाळंतपणानंतर कंबर धरलेलीनंही. कानात इअरप्लग हवेतच. दिवसभर मशीनचा आवाज सोसलेल्या कानांना संध्याकाळी आणखी मार नको.

एक गोष्ट विसरू नका. हलगी-ताशा वाजवणं हे गावकीचं काम म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मातंग, होलार अशा जातींवर लादलं गेलं. आपली हौस ही त्यांची सक्ती होती. त्या घरांतल्या जाणत्यांकडून जरूर शिका, पण मानधन देऊन, मानानं.

शेवटचं. पान बदलणं, दोर ताणणं आपणच शिकायचं. दुरुस्तीसाठी दर वेळी कुणा दादाची वाट बघावी लागली, तर ढोल आपला कसा?