संसार आणि रहस्यकथा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी ‘या वेळी तुम्ही बोला’ म्हणून सांगितले, तेव्हा मला आधी हसूच आले. मी सातवी शिकलेली. ह्या मंडळात माझी ओळख म्हणजे कुरडयांचा चीक हिच्याकडून शिजवून घ्यावा, एवढीच. पण मी वहीत खुनाच्या गोष्टी लिहिते, असे कुणीतरी त्यांच्या कानावर घातले होते आणि माझा विषय तिथेच ठरून गेला.

गोष्टींचे वेड माहेरचे. माझे माहेर धुळ्याचे. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी इंग्रज सरकारचा खजिना लुटला. ती हकिकत आजोबांकडून मी किती वेळा ऐकली असेन! पुढे वडील गरुड वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके आणू लागले. काळापहाड, झुंजार, धनंजय ही आमच्या घरातलीच माणसे झाली होती. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. शिवाय मुंबईत त्यांचे चष्म्याचे दुकान होते. ‘दुकान सांभाळून एवढे कसे लिहिता?’ असे त्यांना लोकांनी विचारले असेल. ‘स्वयंपाक कोण करते?’ असे मात्र पुरुष लेखकाला कुणी विचारीत नाही.

मला मात्र पहिला प्रश्न तोच येतो, ‘घर सांभाळून हे जमते कसे हो?’ खरे सांगू? नेहमी जमत नाही. कधी भाजी करपते, कधी गोष्ट.

जळगावात बायकांनी लिहायचे म्हटले की बहिणाबाईंचे नाव निघायचेच, आणि ते योग्यच आहे. आसोद्याची ही माहेरवाशीण. लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, हात कामात असताना त्यांना ओव्या सुचत. मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसे त्या उतरून घेत. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. त्यांच्या पायाशी बसण्याचीही माझी लायकी नाही. पण एक गोष्ट मी अनुभवाने सांगते. ओवी दळताना मनात धरता येते, रहस्यकथा धरता येत नाही. तिसऱ्या प्रकरणात खुंटीला अडकवलेली किल्ली दहाव्या प्रकरणात नाहीशी झालेली दिसली पाहिजे. मधे कोण कुठल्या दाराने आले, दिवा कुणी मालवला, खोटे कोण बोलले, हे सगळे एकाच वेळी डोक्यात उभे असावे लागते. तेवढ्यात ‘आई, माझा डबा!’ अशी हाक आली की सगळी माणसे वाड्यातून पळून जातात. खुनीसुद्धा!

माझी मुलगी कॉलेजात जाते. ती इंग्रजीतून वाचून मला सांगत असते. अ‍ॅगाथा ख्रिस्ती नावाच्या इंग्रज बाईचे नाव आपणांपैकी पुष्कळजणींनी ऐकले असेल. पहिल्या महायुद्धात ती इस्पितळात काम करीत होती. पुढे ती औषधे तयार करण्याच्या विभागात गेली आणि तिथे तिला विषांची माहिती झाली. तिचे पहिले पुस्तक अनेक प्रकाशकांनी परत केले. अखेर ते १९२० साली निघाले आणि तिच्या हाती आले पंचवीस पौंड. (माझी एक गोष्ट एका दिवाळी अंकाने छापली, तेव्हा माझ्या हाती अंकाची एक प्रत आली. तीही शेजारी वाचायला गेली ती अजून परत नाही. ती नेणारी आज समोरच बसली आहे.) एवढी मोठी लेखिका, पण पुष्कळ वर्षे तिला लिहायला वेगळी खोली नव्हती. जेवणाचे टेबल, नाहीतर निजायच्या खोलीतले तोंड धुण्याचे टेबल. कागदपत्रांवर धंदा विचारला की ती ‘विवाहित स्त्री’ एवढेच लिही.

ह्या बाईची एक हकिकत ऐकली आणि मला ती आपल्या आळीतलीच वाटू लागली. १९२६ साली तिची आई वारली आणि नवऱ्याचे मन दुसरीकडे गेले. १९२७ च्या आरंभी ती सात वर्षांच्या मुलीला घेऊन कॅनरी बेटांवर गेली. पैशाची गरज होती, पुस्तक पुरे करणे भाग होते, आणि लिहायची इच्छा तर मुळीच नव्हती. ती मजकूर सांगायची आणि तिची चिटणीस लिहून घ्यायची. मुलीला सांगितले, ‘बाळ, त्रास देऊ नकोस.’ मुलगी शहाणी. बोलली नाही, फक्त समोर उभी राहून बघत राहिली. त्या बघण्यानेच आईची वाचा बंद होई! पुस्तक कसेबसे पुरे झाले. ते तिला कधी आवडले नाही. पण आपण हौशी लेखिका होतो त्या धंदेवाईक झालो त्या ह्याच वेळी, असे तिने पुढे लिहून ठेवले आहे.

अमेरिकेत मेरी हिगिन्स क्लार्क होती. १९६४ मध्ये नवरा गेला, पदरात पाच मुले. ती नोकरी करी आणि पहाटे पाच ते सात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिही. सातला मुलांना शाळेसाठी उठवायचे. १९७५ मध्ये तिची पहिली रहस्यकादंबरी निघाली, मुले नाहीशी होण्याची. इंग्लंडच्या पी. डी. जेम्सचा नवरा युद्धावरून परतला तो मनाने आजारी. दोन मुली, इस्पितळाच्या कचेरीत नोकरी. तीही पहाटेच लिही. १९६२ मध्ये पहिले पुस्तक निघाले, तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. हे ऐकून मलाही जोर आला आणि मी पाचचा गजर लावला. पण आमच्या गल्लीत नळ येतो तोही पाचलाच! दोन दिवस एक ओळ आणि चार हंडे, असा हिशेब चालला. मग पहाट सोडून दिली.

माझी वेळ दुपारची, जेवणे आटोपल्यावरची. दोन वर्षांपूर्वी ह्याच वेळी धाकट्याला ताप होता. औषध देऊन मी त्याला निजवला आणि ‘थोडेसेच’ म्हणून आतल्या खोलीत लिहायला बसले. निरीक्षकाला वाड्याच्या मागच्या दाराने आत घ्यायचे होते. तो आत गेला, जिना चढला, आणि मी वर पाहिले तेव्हा दीड तास होऊन गेला होता. मुलगा तापाने फणफणला होता, बरळत होता. दवाखान्यात दोन रात्री काढल्या. पोर बरे झाले. मला कुणी एका शब्दाने बोलले नाही, आणि त्याचेच जास्त वाटले. वही मी ट्रंकेत तळाशी टाकली ती आठ महिने काढली नाही.

ती पुन्हा वर काढायला लावली सासूबाईंनी. त्यांना वाचता येत नाही. आधी त्याच म्हणत, ‘बाईमाणसानं रक्तामांसाचं काय लिहायचं? उद्या पोरीला पाहायला लोक येतील, ते काय म्हणतील?’ पण त्या आठ महिन्यांत एक दिवस शेंगा सोलता सोलता त्यांनी विचारले, ‘त्या वाड्यातल्या माणसाला मारलं कुणी, ते सांगितलंच नाहीस तू.’ मी त्यांना सगळे वाचून दाखवले. माझ्या गोष्टीत शेतावर भरीत-पार्टी होते आणि भरितातून सावकाराला विष दिले जाते. सासूबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘अगं, वांगी काट्यांवर भाजतात सगळ्यांची एकदम, ठेचतात सगळी एकात. मग तो एकटाच कसा मेला?’

मी गप्पच बसले. पाच प्रकरणे फुकट गेली. पण त्यांनीच पुढे सुचवले की विष भरितात नको, त्याच्या एकट्याच्या ताटात पडणाऱ्या वस्तूत असावे, आणि त्याला कच्चा कांदा चालत नाही हे घरातल्या कुणालातरी ठाऊक असावे. कुणाला काय चालत नाही, कोणता डबा कुठे सरकला, कोण आज जेवताना गप्प होते, हे बाईला न विचारता कळते. पोलिसाला त्यासाठी चौकशी करावी लागते.

आता घरात ठराव झाला आहे. दोन ते तीन मला हाक मारायची नाही. ह्यांनी स्वतः मान्य केले आहे. पहिल्याच आठवड्यात अडीचला दाराशी येऊन ‘मी हाक मारीत नाही हं, फक्त विचारतो, माझा चष्मा कुठे आहे?’ असे म्हणाले. तो कपाळावर होता. पण कुणाला ताप असेल त्या दिवशी वही उघडायची नाही, हा नियम माझा मी केलेला आहे आणि तो मी मोडत नाही. मग आठवडा गेला तरी जाऊ देते.

मुलीला पाहायला मंडळी येऊन गेली. वही लपवावी असे माझ्या मनात होते, पण मुलीनेच ती टेबलावर ठेवली. मुलाच्या आईने चाळून पाहिली आणि काही बोलल्या नाहीत. त्यांचा निरोप अजून यायचा आहे.

गोष्टीचे शेवटचे प्रकरण राहिले आहे. चीक शिजवायला ज्यांच्या घरी मी येणार आहे, त्यांनी कृपा करून मला दोनच्या आत मोकळे करावे.